फ्रिज राहू द्या, नायट्रोजनचा डबा आणा

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, भौतिकशास्त्र अभ्यासमंडळ,
तसेच सोलापूर शहर व जिल्ह्यातील महाविद्यालयांचे भौतिकशास्त्र विभागप्रमुख

विषय : हलक्या कृष्णद्रव्याच्या शोधाला लागणारं शीत-मापन एम.एस्सी.च्या संशोधन प्रकल्पात आणण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

डार्क मॅटरवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या कृष्णद्रव्यावर प्रकल्प करायचाय असं एखाद्या विद्यार्थ्याने म्हटलं, की त्याच्यापुढे सहसा दोनच वाटा ठेवल्या जातात. इकडून तिकडून जमवून लिहिलेला निबंध, नाहीतर दीर्घिकांच्या फिरण्याच्या वेगाचा तोच तो आलेख. सोल्डरिंग गन हातात घ्यायची वेळच येत नाही, कारण “त्याला डायल्युशन फ्रिज लागतो, तो आपल्याकडे कुठला?” हे उत्तर तयार असतं. निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करणारा हा फ्रिज आपल्याकडे नाही हे खरंच आहे. आमचं म्हणणं, तो घेऊही नये. हलक्या कृष्णद्रव्याचा शोध आज जिथे अडलाय, तिथलं निम्मं कसब ७७ केल्विनला, म्हणजे लिक्विड नायट्रोजनच्या थंडीत, हातात बसतं. आणि लिक्विड नायट्रोजन आपल्या जिल्ह्यात जनावरांच्या दवाखान्यांपर्यंत कधीचाच पोचलाय.

अडलंय कुठे, ते आधी आकड्यांत बघू. गोटी वरवंट्यावर आपटली तर वरवंटा हलत नाही. कृष्णद्रव्याचा कण प्रोटॉनच्या वजनाचा, १ जीईव्हीच्या (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) घरातला असेल, तर झेनॉनचं अणुकेंद्र त्याच्यापुढे वरवंटाच. धडकेतून अणुकेंद्राला जास्तीत जास्त किती ऊर्जा मिळेल हे बी.एस्सी.च्या मुलालाही काढता येतं : रिड्यूस्ड मासचा (दोन वस्तुमानांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज) वर्ग गुणिले वेगाचा वर्ग गुणिले दोन, भागिले अणुकेंद्राचं वस्तुमान. आकाशगंगेने धरून ठेवलेल्या कणाचा पृथ्वीच्या हिशेबाने वेग सेकंदाला फार तर ७५० किलोमीटरच्या आसपास. तो घातला की झेनॉनच्या वाट्याला १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (इव्ही) येतात, सिलिकॉनच्या ४५०, ऑक्सिजनच्या ७४०. कण १०० एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इव्ही) धरला तर सिलिकॉनलाही ५ इव्ही मिळत नाहीत. टनावारी झेनॉन भरलेली यंत्रं हजारेक इव्हीच्या वरचे धक्के टिपतात. तेव्हा हलक्या कणांसाठी टन नकोत, ग्रॅम हवेत, आणि ते ग्रॅम अतिशय थंड हवेत.

थंड का, तेही एका उदाहरणात दिसतं. १ ग्रॅम सिलिकॉनमध्ये १०० इव्ही सोडले तर खोलीच्या तापमानाला त्याचं तापमान एका अंशाच्या अब्जांशाच्या कोट्यंशाहूनही कमी वाढतं. तोच तुकडा २० मिलिकेल्विनला नेला की त्याची उष्माधारकता तापमानाच्या घनाच्या प्रमाणात कोसळते (डिबायचा नियम, सिलिकॉनसाठी ६४५ केल्विन घालून बघावा) आणि तेच १०० इव्ही त्याला ८ मायक्रोकेल्विनने तापवतात. एवढा फरक टंगस्टनच्या पातळ थराला कळतो. हा थर अतिवाहक होण्याच्या अगदी कडेवर धरून ठेवलेला असतो, त्यामुळे तापमान किंचित चढलं तरी त्याचा रोध उसळतो आणि स्क्विड (अतिसूक्ष्म चुंबकीय बदल टिपणारं उपकरण) तो बदल वाचतो. उष्णतेची जी मूळची थरथर कशानेही टळत नाही, ती या तुकड्यात ०.७ इव्हीच्या आसपास बसते. निसर्गाची आडकाठी इतकीच. बाकीची सगळी आपणच उभी केलेली असते.

इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या क्रेस्ट या कृष्णद्रव्य शोधणाऱ्या प्रयोगाने २०१९ मध्ये सुमारे २४ ग्रॅमच्या कॅल्शियम टंगस्टेटच्या स्फटिकातून ३० इव्हीचा थ्रेशोल्ड (टिपता येणारी किमान ऊर्जा) गाठून १६० एमईव्हीपर्यंतच्या कणांचा धांडोळा घेतला. त्याआधी २०१७ मध्ये म्युनिकमध्ये अर्ध्या ग्रॅमच्या नीलमण्याने जमिनीवरच्या साध्या प्रयोगशाळेत, शिशाच्या भिंती न घालता, काही तासांच्या मोजणीत २० इव्हीच्या आतबाहेरचा थ्रेशोल्ड दाखवला होता. क्रेस्टचाच ०.६ ग्रॅमचा एक तुकडा आता ६.७ इव्हीपर्यंत उतरलाय.

मग फ्रिज का नको? डायल्युशन फ्रिज चालतो हीलियम-३ आणि हीलियम-४ च्या मिश्रणावर. ०.८७ केल्विनच्या खाली हे मिश्रण दुधावर साय यावी तसं दोन थरांत फुटतं. खालच्या पातळ थरात शून्याजवळसुद्धा ६.६ टक्के हीलियम-३ विरघळलेलं राहतं, आणि वरच्या थरातून तिकडे ओढलं जाणारं हीलियम-३ जाताना उष्णता घेऊन जातं. तत्त्व फार देखणं आहे. पण फ्रिजच्या वरच्या टप्प्यातल्या पल्स ट्यूबचा (हीलियमच्या दाबाच्या ठोक्यांनी थंड करणाऱ्या यंत्राचा) कॉम्प्रेसर एकटाच १० किलोवॅटच्या आसपास खातो, म्हणजे महिन्याला ७,२०० युनिट, वर त्याला थंड पाण्याचा चिलर. हे सोलापूरच्या मे महिन्यात, जेव्हा विभागाचा साधा एसीही धापा टाकत असतो. लाईट गेली की काही मिनिटांत ४ केल्विनचा टप्पा तापू लागतो आणि मिश्रण टाकीत परत घ्यावं लागतं. घेताना कुठे गळती असली तर हीलियम-३ गेलं ते गेलं. ते ट्रिटियमच्या ऱ्हासातून मिळतं आणि त्याची किंमत विचारायच्या आधी बसून घ्यावं. एक हवेचा फुगा सापळ्यातून निसटून आत गेला तर केसासारख्या नळीत गोठून बसतो, आणि ती मोकळी करायला अख्खा फ्रिज तापवून पुन्हा थंड करायचा, म्हणजे आठवडा गेला. असं यंत्र चालवायला पूर्ण वेळचा तंत्रज्ञ लागतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर), कथिलाच्या बोलोमीटरच्या (तापमानवाढीवरून ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणाच्या) कामासाठी, असा फ्रिज आहे. तो तिथेच बरा.

आता नायट्रोजन. कृत्रिम रेतनाच्या नळकांड्या उणे १९६ अंशांवर ठेवायला लागतात, म्हणून सांगोला, मंगळवेढा, बार्शी, सगळीकडे पशुवैद्यकीय यंत्रणेकडे नायट्रोजनचे डबे असतात. पंढरपुरी म्हशीमुळे आपल्याला क्रायोजेनिक्सची पुरवठा साखळी आयती मिळालीय, असं म्हटलं तर हसू नये. मात्र रेताने भरलेला डबा प्रयोगासाठी कधीही मागू नये. पातळी उतरली की सगळा साठा वाया जातो. ३५ लिटरचा रिकामा डबा विभागाने स्वतःचा घ्यावा आणि पुरवठादाराच्या ठरलेल्या फेरीत भरून घ्यावा. अशा डब्यातून दिवसाला पाव लिटरच्या आसपास नायट्रोजन उडतो. आत उष्णता सोडली तर हिशेब सोपा : १ वॅटला दिवसाला अर्धा लिटरहून थोडं जास्त.

सुरक्षेचा मुद्दा थोडक्यात, पण टाळता न येणारा. १ लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. ३ बाय ४ मीटरच्या, ३ मीटर उंच खोलीत १० लिटर सांडले तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १७ च्या आसपास येतो. डोकं जड होण्याआधी माणसाला काही कळत नाही. दार-खिडकी उघडी, पंखा चालू, डब्याचं बूच सैल (घट्ट बंद केलेला डबा म्हणजे बॉम्ब), लिफ्टमध्ये माणूस आणि डबा एकत्र नाही, बंद काचांच्या गाडीत नाही. सुती हातमोजे घालू नयेत, द्रव त्यांत मुरून कातडीला चिकटून बसतो. सैल चामडी हातमोजे आणि चेहऱ्यावर ढाल. आणि कुणाला पुढे हीलियम लागलंच तर गड्ड्याच्या यात्रेतल्या फुगेवाल्याकडचा सिलिंडर आणू नका, त्यात पुष्कळदा हायड्रोजन असतो.

या डब्यावर तीन प्रयोग उभे राहतात. पहिला नॉइजचा, म्हणजे उष्णतेमुळे रेझिस्टरमध्ये आपोआप उठणाऱ्या विजेच्या थरथरीचा. १ मेगाओमचा मेटल फिल्म रेझिस्टर घ्यायचा. कार्बनचा नको, थंडीत त्याची किंमतच बदलते. तो तांब्याच्या ठोकळ्याला बांधून पातळ स्टेनलेस नळीच्या टोकाला लावायचा, शेजारी पीटी-१०० हा प्लॅटिनमचा थर्मामीटर चार तारांनी. नायट्रोजनमध्ये बुडवल्यावर पीटी-१०० ने २० ओमच्या जरा वर वाचलं पाहिजे. २३-२४ दिसले तर ठोकळा अजून थंड व्हायचाय किंवा तारांतून उष्णता उतरतेय. रेझिस्टरचा नॉइज ३०० केल्विनला १२९ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, ७७ ला ६५. टीएल०७२ या अँप्लिफायर चिपवर दोन टप्प्यांत १०० आणि १० असा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा). एकाच टप्प्यात हजार घेतला तर बँडविड्थ ३ किलोहर्ट्झवर येऊन टेकते. पुढे लॅपटॉपचं साउंड कार्ड. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर लावला की ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिची सगळी भावकी आलेखात हजर. मोजणी ३१० ते ३४० हर्ट्झच्या खिडकीत करावी, म्हणजे ३०० आणि ३५० च्या मध्ये. वर जाऊ नये, कारण १०० पिकोफॅरडची केबल १ मेगाओमसोबत १.६ किलोहर्ट्झलाच सिग्नल खाऊ लागते. गुणोत्तर १.९७ यायला हवं, येईल १.९ च्या आसपास, कारण अँप्लिफायरचा स्वतःचा नॉइज दोन्हीकडे मिसळलेला असतो. इनपुट शॉर्ट करून तो वेगळा मोजायचा आणि वर्गांतून वजा करायचा. ज्याने हे प्रामाणिकपणे केलं त्याला नॉइज बजेट म्हणजे काय ते पुन्हा शिकवावं लागत नाही. पीव्हीसीची वायर मात्र वापरू नका, थंडीत तिचं आवरण पापडासारखं मोडतं. टेफलॉनची घ्यावी.

दुसरा प्रयोग आमच्या मते सर्वांत मोलाचा, कारण तो थेट आजच्या अडचणीवर बोट ठेवतो. जगभरच्या शीत डिटेक्टरांत काहीशे इव्हीच्या खाली घटनांचा एक ढीग दिसतो. जितकं खाली जावं तितका तो वाढतो, आणि किरणोत्साराच्या कुठल्याही ओळखीच्या हिशेबात बसत नाही. २०२१ पासून ‘एक्सेस’ नावाच्या कार्यशाळा केवळ यासाठी भरतात. हा ढीग कृष्णद्रव्याचा म्हणावा तर तो थंड केल्यानंतरच्या दिवसांत हळूहळू ओसरतो. क्रेस्टमध्ये डिटेक्टर ६० केल्विनपर्यंत तापवून पुन्हा थंड केला तर तो पुन्हा वर चढला. आकाशगंगेतून येणाऱ्या कणाला आपण फ्रिज कधी सुरू केला याच्याशी काय देणंघेणं? संशय आहे तो ताणावर : स्फटिक धरणाऱ्या पकडीत, गोंदात, धातूच्या थरात साठलेला ताण बारीक बारीक सुटतो आणि प्रत्येक सुटका डिटेक्टरला कणासारखी दिसते. हे नुसतं अनुमान नाही. स्फटिकाला घट्ट टेकवलेल्या नीलमण्याच्या गोळ्यांखाली सूक्ष्म तडे जाताना क्रेस्टच्या डिटेक्टरांनीच पकडले होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत एक सिलिकॉन गोंदाने चिकटवला आणि दुसरा बारीक तारांवर लटकवला. चिकटवलेल्यात घटना कितीतरी जास्त निघाल्या.

आता यातली मेख. खोलीपासून शून्याजवळ जाताना तांबं जेवढं आकसतं त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त ७७ केल्विनपर्यंतच आकसून होतं. १०० मिलिमीटरमागे ०.३ मिलिमीटर तांबं, जवळजवळ २ मिलिमीटर टेफलॉन, सिलिकॉन जेमतेम ०.०२. म्हणजे पकडीचा ताण बहुतांशी नायट्रोजनमध्येच तयार होतो, आणि तो ऐकता येतो.

मांडणी अशी. मायक्रोस्कोपची काचपट्टी, ७५ बाय २५ मिलिमीटर. तांब्याची पट्टी १०० बाय ३० बाय ६. डब्याचं तोंड बहुधा ५० मिलिमीटरच्या आसपास असतं, आधी मोजून घ्यावं. काच तीन प्रकारे बसवायची : पितळी पकडी आणि एम-३ स्क्रूने दाबून, चार कोपऱ्यांना अ‍ॅराल्डाइट लावून, आणि तिसरी नुसत्या नायलॉनच्या दोऱ्यांवर टांगून. प्रत्येकीच्या मधोमध बझरमधली छोटी पिझो चकती (हादरा बसला की वीज देणारी) गोंदाच्या एकाच थेंबाने. तो थेंब स्वतःही तडकतो, म्हणूनच टांगलेली काच लागते : तिचा आकडा हा पाया, बाकीच्यांतून तो वजा. हे लक्षात न घेता केलेल्या मोजणीत तिन्ही काचा सारख्याच बडबड्या निघतात आणि विद्यार्थी गोंधळतो. पट्टी द्रवात बुडवायची नाही, उकळण्याचे बुडबुडे सगळं गिळून टाकतात. द्रवाच्या लगेच वरच्या थंड वाफेत टांगायची. डबा शांतपणे उडत असतो, त्यामुळे तिथे कमालीची निःशब्दता मिळते. मिनिटाला २ सेंटिमीटरपेक्षा वेगाने खाली सोडलं तर काच धक्क्यानेच फुटू शकते, आणि तो प्रयोग स्वयंपाकघरातही होतो. डब्याखाली टर्किश टॉवेलची चार पदरी घडी. सोलापुरात तिचा तुटवडा नाही, आणि लागतेही इथेच जास्त, कारण शेजारच्या गल्लीतल्या यंत्रमागाचा ठोका जमिनीतून येतो. (पल्स ट्यूबचा ठोका सेकंदाला १.४ वेळा. मागापेक्षा जरा संथ, पण उपद्रव त्याच जातीचा.)

खोलीत असताना काचेवर ०.५ मिलिमीटरची पेन्सिलची शिसं मोडून चकतीची संवेदना तपासावी. थंडीत पिझोची संवेदना बरीच उतरते, म्हणून दुसऱ्या चकतीला दर मिनिटाला ठराविक पल्स देऊन ती सतत मोजत राहावं. हे केलं नाही तर “घटना कमी झाल्या” आणि “चकती बहिरी झाली” यांतला फरक सांगता येत नाही. मग रात्रभर रेकॉर्डिंग. दर दहा मिनिटांतल्या टिकटिकी मोजून काळासमोर मांडाव्यात. सकाळी काच वर काढून तापवावी, पुन्हा सोडावी, आणि आकडा परत चढतो का बघावं. वर काढलेल्या काचेवर दव धरतं, ते पुसून कोरडं केल्याशिवाय परत सोडलं तर बर्फ तडकण्याचेच आवाज मोजले जातात.

तिसरा प्रयोग थ्रेशोल्डचा. फोटोडायोडवर १ मेगाओम आणि १ नॅनोफॅरड, म्हणजे १ मिलिसेकंदात विरणारी पल्स. त्यावर एलईडीचे क्षीण झोत, अनियमित वेळी. साउंड कार्डाच्या डाव्या चॅनेलवर डिटेक्टर, उजव्यावर एलईडीला दिलेला खरा इशारा. उजवा चॅनेल शिक्षकांनी आपल्या पेटीत ठेवावा आणि विद्यार्थ्याला फक्त डावा द्यावा. शंभरेक स्वच्छ पल्सची सरासरी काढून नमुना, रिकाम्या तुकड्यांतून नॉइजचा वर्णपट, दोन्हींतून ऑप्टिमल फिल्टर (नॉइजमधून नमुन्यासारखी पल्स वेचणारी गणिती चाळणी). मग झोत मंद करत जायचं आणि प्रत्येक पायरीला किती टक्के पल्स सापडल्या त्याचा आलेख काढायचा. नमुना सूत्रातून घेऊ नये. साउंड कार्ड डीसी सोडत नाही, त्यामुळे पल्सची शेपटी शून्याखाली जाते आणि पाठ्यपुस्तकातला वक्र बसत नाही. दुसरी फसगत म्हणजे उजव्या चॅनेलमधून डाव्यात झिरपणारा सिग्नल : एलईडीची वायर काढून इशारा तसाच चालू ठेवा, तरीही “पल्स” सापडत असतील तर पकडलेलं कार्ड आहे, प्रकाश नाही. ट्रिगर, म्हणजे किती उंच सिग्नलला घटना म्हणायचं ती रेघ, कुठे ठेवायचा तेही इथेच उमजतं. सेकंदाला हजार स्वतंत्र नमुने धरले तर दिवसाला ४ सिग्मावर (सिग्मा म्हणजे नॉइजचं प्रमाण विचलन) २,७०० च्या वर खोट्या घटना, ५ सिग्मावर २५, ६ सिग्मावर बारा दिवसांतून एक. ५ सिग्मा म्हणजे खात्री, ही समजूत इथे पहिल्याच रात्री मोडते.

कॅलिब्रेशन, म्हणजे सिग्नलची उंची आणि इव्ही यांची सांगड, फळ्यावर करावं. किरणोत्सारी स्रोत आणायचा तर अणुऊर्जा नियामक परिषदेचे नियम आले, त्या भानगडीत एम.एस्सी.ने पडू नये. लोह-५५ चे क्ष-किरण ५.९ केईव्हीचे (५,९०० इव्हीचे), तिथून ३० इव्हीपर्यंत सरळ रेषा ओढणं म्हणजे पुण्यात उभं राहून सोलापुरातलं घड्याळ लावणं. म्हणून अलीकडे वापरतात ती युक्ती मुलांना गणित म्हणून द्यावी : टंगस्टन-१८२ ने मंद न्यूट्रॉन गिळला की ६.१९ एमईव्हीचा गॅमा बाहेर पडतो आणि उरलेलं टंगस्टन-१८३ मागे सरकतं. ते किती ऊर्जेने? गॅमाच्या ऊर्जेचा वर्ग भागिले दुप्पट वस्तुमान. उत्तर ११२ इव्ही येतं, आणि डिटेक्टरांत ते शिखर खरंच दिसलंय. क्रेस्टने २०१९ च्या निकालासोबत घटनांच्या ऊर्जांची यादीही सर्वांसाठी खुली केलीय, तिच्यावरून मर्यादेचा आलेख काढणं हे एका सत्राचं पुरेपूर काम आहे.

अभ्यासमंडळाकडे मागणं तीन गोष्टींचं. एक, या तीन प्रयोगांपैकी कुठलाही एक पूर्ण केला तर तो संशोधन प्रकल्प म्हणून मान्य व्हावा. निबंधाला मान्यता मिळते तेव्हा याला न मिळण्याचं कारण नाही. दोन, गुण “काही सापडलं” याला देऊ नका; नोंदवहीला, रिकाम्या मोजणीला, आणि चुकीचा उगम शोधून काढण्याला द्या. परीक्षकाने थ्रेशोल्डचा आलेख मागावा, निष्कर्षाचं पान शेवटी बघावं. तीन, चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एकच डबा आणि एकच भरणा-दिवस ठरवावा. प्रत्येकाने वेगळा घेतला तर नायट्रोजनचा निम्मा भाग नुसता उडून जाईल.

भुवनेश्वरची नायसर संस्था कॅनडातल्या सुपरसीडीएमएस या कृष्णद्रव्य शोधणाऱ्या प्रयोगात आहे, झारखंडात जादुगुडाच्या खाणीत ५५५ मीटर खोल प्रयोगशाळा आहे, टीआयएफआर तर एका रात्रीच्या गाडीवर. तिथे उन्हाळी प्रकल्पाला अर्ज करणाऱ्या मुलाच्या हातात तीन काचांच्या टिकटिकींची वही असावी, एवढाच आमचा हिशेब.

पहिला भरणा हिवाळ्यात ठेवावा. मे महिन्यात डबा उघडा राहिला की तोंडाशी बर्फाची कडी धरते आणि नळी अडकते. अडकलीच तर ओढू नका, बूच बाजूला ठेवून अर्धा तास थांबा.

आपले,
सोलापुरातले, शीत-मापनाचं काम करणारे काही जण